मामांची रुपेरी पेटी

कोथरूडास डहाणूकर कॉलनींत आमचे मामा राहतात. त्यांच्या बैठकीच्या खोलींत भिंतीलगत एक रिकामें मेज आहे. त्यावर कोणीं वर्तमानपत्र ठेविलें तर मामी तें मुकाट्यानें उचलतात. त्या मेजावर पूर्वीं काय होतें, हें आम्हांस पुष्कळ उशिरां कळलें.

तरुणपणीं मामा एका वाद्यवृंदांत असत. गणेशोत्सवांत एकामागून एक कार्यक्रम. आणि बेस गिटार वाजविणारा गडी नेमका त्याच वेळीं आजारी! म्हणून मामांनीं मुंबईहून कोणा वादकाची वापरलेली एक पेटी आणिली. रोलंड ह्या जपानी कंपनीची ती टीबी-३०३. रुपेरी रंगाची, काखेंत मावेल एवढी. तडाओ किकुमोटो ह्या अभियंत्यानें ती योजिली, ती बेसचा साथीदार नसलेल्यांची सोय व्हावी म्हणूनच. पण लोकांस ती रुचली नाहीं, व १९८४ सालीं ती निघेनाशी झाली. पुढें मामींची शस्त्रक्रिया निघाली, तेव्हां मामांनीं ती मिळेल त्या किंमतीस विकून टाकिली.

दैवाची थट्टा अशी कीं, टाकाऊ ठरलेल्या ह्याच पेट्या शिकागोच्या तरुणांनीं स्वस्तांत उचलल्या, १९८७ सालीं तिकडे तिच्या सुरांवर नव्या नाचाची एक तबकडी गाजली, आणि आज मूळ पेटीस हजारों डॉलर पडतात. आम्हांस मात्र निराळाच अभिमान वाटतो. त्या तबकडीच्या पांच वर्षें आधीं, १९८२ सालीं, मुंबईच्या चरणजित सिंग ह्यांनीं हीच पेटी घेऊन दहा रागांची तबकडी काढिली होती! एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची तिच्यांत सोय आहे. तींत त्यांना आपली मींड दिसली असावी. ती तबकडी त्या वेळीं फारशी खपली नाहीं. २०१० सालीं ती परदेशांत पुन्हां निघाली, तेव्हां कोठें जगाचे डोळे उघडले. सिंग २०१५ सालीं वारले.

अशीं जुनीं वाद्यें कारखानदारांनीं पुन्हां स्वस्तांत काढावींत कीं नाहींत, ह्यावर आमचा व मामांचा नेहमीं वाद होई. ॲनालॉग सिंथेसायझरांत सूर आंकड्यांच्या हिशेबानें निघत नाहीं; विजेचा प्रवाहच आंदोलित करून गाळणींतून सोडितात, आणि खुंटी फिरवितांच तो आपल्या बोटांखालीं गडद किंवा उजळ होतो. ही मौज केवळ संग्राहकांच्या कपाटांत कां राहावी? आम्ही हार्मोनियमचें उदाहरण देत असूं. पायानें भाता चालविण्याचें विलायती वाद्य मोठें व महाग होतें. एकोणिसाव्या शतकांत कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांनीं हातभात्याची आटोपशीर पेटी घडविली, आणि ती भजनांत, कीर्तनांत, शाळेच्या गायनवर्गांत जाऊन बसली. रेडिओनें १९४० पासून १९७१ पर्यंत तिला मज्जाव केला. पण लोकांच्या घरांतून ती गेली नाहीं.

“तें खरें रे,” मामा म्हणत, “पण ज्यानें पहिल्यानें डोकें चालविलें, त्याच्या पदरांत काय?” हा प्रश्न आम्हांस आजही टोंचतो. मूळ कंपनीनें स्वतःच काढावें, हें उत्तम. कोर्गनें आपला १९७८ चा एमएस-२० हा वाद्यप्रकार २०१३ सालीं मूळच्या अभियंत्यांस बरोबर घेऊन थोड्या लहान आकारांत काढिला. रोलंडनेंही २०१६ सालीं आपल्या पेटीची आवृत्ति काढिली. परंतु तींत जुन्या मंडलाऐवजीं संगणकी अनुकृति आहे. शेवटीं २०१९ सालीं बेहरिंगर ह्या दुसऱ्याच कंपनीनें खरें ॲनालॉग मंडल घालून, सुमारें दीडशें डॉलरांत, टीडी-३ नांवाची प्रतिकृति बाजारांत आणिली. मूळ मालक जेथें हात आंखडतो, तेथें दुसऱ्यानें तें काम केलें तर आम्ही त्यास दोष देणार नाहीं. मात्र पहिल्या कारागिराचें नांव वेष्टनावर छापण्यास कितीसा खर्च येतो?

गेल्या दिवाळींत आम्हीं ती प्रतिकृति आणून गुपचूप मेजावर ठेविली. मामांनीं चष्मा लाविला. ह्या पेटींत सूर आधीं आणि काल मागाहून, असे निरनिराळे भरावे लागतात. आम्ही तर पुस्तिका घेऊन दोन रात्री घालविल्या होत्या. मामांचीं बोटें दोनदां चुकलीं. तिसऱ्या वेळीं गत फिरूं लागली. त्यांनीं गाळणीची खुंटी हळूहळू उजवीकडे नेली, तसा तो खोल आवाज कण्हत कण्हत वर चढला.

“खुंट्या हलक्या वाटतात,” ते म्हणाले, आणि बऱ्याच वेळानें, “आवाज मात्र तोच.”

किंमत ऐकून ते गप्प झाले. मामी स्वयंपाकघराच्या दारांत केव्हां येऊन उभ्या राहिल्या, हें आम्हांस कळलें नाहीं. मामांनीं त्यांच्याकडे पाहून पेटी बंद करण्यास हात पुढें केला.

“राहूं द्या,” मामी म्हणाल्या. “मला कोठें झोपायचें आहे अजून?”