बोर्डोची शाई

माझ्या टेबलावर सध्या फिरोजी शाईच्या सहा बाटल्या आहेत. घरातल्या मंडळींच्या मते सहाही बाटल्यांत एकच रंग आहे. तसं नाहीये, हे पटवून द्यायचा नाद मी केव्हाच सोडलाय. पण तुमच्यापैकी चार-पाच जण तरी शाईपेनाचे वेडे आहेत हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि तासगावची मंडळीही हे वाचतीलच (आत्याला कुणीतरी वाचून दाखवा रे), तेव्हा जरा ऐसपैस लिहिते.

आमच्या लहानपणी प्रत्येक शाईला कुणीतरी मालक असायचा. निळी शाई पोरांची. निळी म्हणजे कॅमलची रॉयल ब्लू. दांडेकरांची ही कंपनी 1931 सालची, आणि 2011 मध्ये ती जपानच्या कोकुयोकडे गेली, हे सगळं नंतर कळलेलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की बोटांना लागलेली शाई केसांना पुसायची. लाल शाई बाईंची. काळी फॉर्म भरायला. आणि हिरवी शाई वरच्या साहेबांची. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. हिरव्या सहीचा कागद घरी आला की तो आधी देवघराच्या फळीवर जायचा, मग फायलीत.

फिरोजीला मात्र मालक नव्हता. म्हणूनच ती मला हवीशी वाटली असावी. पहिली बाटली मी 1985 साली पहिल्या पगारातून अप्पा बळवंत चौकात घेतली. दुकानदाराने मागच्या फडताळातून शोधून, धूळ पुसून दिली आणि वर विचारलं, "नक्की हीच हवी ना? परत घेणार नाही हं." पुण्यातलं दुकान ते, दुसरं काय म्हणणार!

पगार छापखान्यातला होता. आमच्या विभागात पानं जुळवायचं काम चाले, म्हणजे ब्रोमाइडवरचा मजकूर कापून, रबर सोल्यूशनने कागदावर चिकटवायचा आणि ते पान कॅमेऱ्याकडे पाठवायचं. चौकटी आणि समासाच्या खुणा आम्ही फिकट निळ्या पेन्सिलीने आखायचो, कारण त्या कॅमेऱ्यातल्या फिल्मवर फिकट निळा उमटत नसे. गंमत अशी की तो उमटत नसे तो फिल्म निळ्याला आंधळी म्हणून नव्हे, तर निळ्याच्या बाबतीत ती फारच हळवी म्हणून. तिच्या लेखी फिकट निळा आणि पांढरा कागद सारखेच लख्ख. आंधळी ती लालला, म्हणून लाल खूण चक्क काळी छापली जायची. त्यामुळे आमच्या विभागात निळ्यात लिहिलेलं ते आपापसातलं. 'हा मथळा तिरका बसलाय', 'चहा सांगितलाय', 'साहेब आज तापलेत'. पानांच्या कडेला असलं किती काय लिहिलं असेल! छापून आलेल्या पुस्तकात त्यातलं अक्षरही नाही. पुढे संगणक आले, पेस्टिंग गेलं, मीही यथावकाश निवृत्त झाले. निळ्याशी झालेली ही सलगी मात्र राहिली.

आता आत्याकडे येते.

माझी आत्या तासगावजवळ राहते, द्राक्षबागेत. तिला फोनवर नीट ऐकू येत नाही, यंत्र लावलं की शिट्ट्या वाजतात आणि मग ती वैतागून यंत्रच काढून ठेवते. त्यामुळे आमचं बोलणं पत्रातून. दर रविवारी मी लिहिते, आणि आठ-पंधरा दिवसांनी तिचं कार्ड येतं, बॉलपेनने, कोपऱ्यापर्यंत खच्चून भरलेलं. अर्थात मी फिरोजीतच लिहायची. 2021 च्या पावसाळ्यात तिचं कार्ड आलं, त्यात सगळ्यांत शेवटी एक ओळ होती: 'हिरव्या शाईत का लिहितेस? साहेब झालीस का?'

मी बाटली खिडकीत धरून पाहिली. फिरोजीच होती. पुढच्या कार्डात आणखी एक ओळ: 'जरा दाबून लिही. अक्षरं पाण्यात पडल्यागत दिसतात.'

ही गोष्ट मला हसण्यावारी नेता येईना. फोन नाही, आणि पत्र वाचता येत नसेल तर मग आमच्यात उरलं काय? सोपा उपाय म्हणजे काळी शाई. पण आत्याला सोपे उपाय चालत नाहीत. तसं विचारल्यावर तिने लिहिलं, 'काळ्या शाईचं पत्र आलं की काळजात धस्स होतं. तुझी ती रंगाचीच असू दे.' तेव्हा सहा बाटल्यांचा हा खटाटोप मी सुरू केला तो हौसेपोटी नव्हे (बरं, थोडा हौसेपोटी).

एका पांढऱ्या कागदावर सहा शायांच्या सहा ओळी लिहिल्या, फक्त आकडे घालून, आणि पाठवून दिल्या. पेलिकनची 4001 मालिकेतली टर्कॉइझ, लॅमीची, डायमाइनची, आपली ब्रिल, वॉटरमनची ती पूर्वी 'साउथ सीज ब्लू' म्हणून मिळायची आणि हल्ली 'इन्स्पायर्ड ब्लू' म्हणतात ती, आणि पायलटच्या इरोशिझुकु मालिकेतली कुजाकु. शेफरची पीकॉक ब्लू मिळाली असती तर तीही घातली असती, पण ती बंद होऊन जमाना झाला. (शेफर 2022 पासून बंगळुरूच्या विल्यम पेनकडे आहे. त्यांच्या कानावर ही मागणी कुणीतरी घाला.)

आत्याने दहापैकी गुण दिले. पाच नंबरच्या, म्हणजे वॉटरमनच्या ओळीपुढे शेरा होता: 'ही ओळ रिकामी का सोडलीस?' पेलिकनला चार, लॅमीला पाच. कुजाकुला नऊ.

कुजाकु म्हणजे जपानीत मोर. शाई देखणी आहे यात वादच नाही. पण ती फिरोजी नाही, मोरपिशी आहे, आणि हे दोन वेगळे रंग आहेत असं माझं ठाम मत आहे. मोरपिशी गंभीर, हिरव्याकडे झुकलेला. फिरोजी उघड्या आभाळाचा, आणि नाव पडलंय पिरोजा खड्यावरून. इराणात निशापूरच्या खाणींतला हा खडा युरोपात तुर्कांच्या बाजारांतून पोचला, म्हणून फ्रेंचांनी त्याला 'तुर्की' म्हटलं, त्याचं टर्कॉइझ झालं. आपल्याकडे फारसीतलं नाव सरळ आलं. मोराच्या पिसात तर निळा रंग मुळातच नसतो! पिसातल्या अतिसूक्ष्म रचनेवर उजेड खेळतो आणि आपल्याला निळा-हिरवा दिसतो. पीस कुटून शाई करायला गेलात तर हाती तपकिरी भुकटी येईल.

असो. वर्षभर आत्याला पत्रं कुजाकुत गेली. छान वाचता येतात म्हणून तिने कळवलं. मला मात्र लिहिताना उगाच दुसऱ्याची साडी नेसल्यासारखं वाटायचं.

या काळात एक शहाणपण मिळालं ते सांगून टाकते, शाईवेड्यांच्या उपयोगी पडेल. रंग बाटलीत निम्माच असतो, उरलेला निबेत आणि कागदात. बारीक जपानी निबेतून फिकट पडणारी तीच शाई जाड, ओल्या निबेतून दीडपट गडद उतरते. माझ्याकडे ड्रॉपरने शाई भरायचं एबोनाइटचं जुनं जाडजूड पेन आहे, त्याची निब इतकी शाई सोडते की वहीच्या कागदावर मागून पाझरते. त्या पेनात पेलिकन भरली आणि ओळखू येईना! एरवी ती जरा कोरडी, हात राखून वाहणारी शाई. कागदाचंही तसंच. आंतर्देशीय पत्राचा कागद मुळात फिका निळा, त्यावर फिरोजी म्हणजे दुधात साखर, दिसायची नाही. पोस्टकार्ड पिवळट, त्यावर ती हिरवी होते. तेव्हा पांढरा कागद आणि पाकीट. आणि पत्ता बॉलपेननेच, कारण या शाया पाण्याला टिकत नाहीत आणि पोस्टमनची पिशवी सांगलीच्या पावसात भिजते. जाणकार लोक फिरोजी शाईवर येणाऱ्या लालसर लकाकीचं फार कौतुक करतात. ती शाई कागदावरच सुकली तर दिसते, आपला वहीचा कागद शाई पिऊन टाकतो. मला तिचं सोयरसुतक नाही.

डिसेंबर 2022 मध्ये मिरजेला आत्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी गेले होते. डोळ्यात कोणते थेंब किती वाजता घालायचे ते मी मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दारावर चिकटवलं होतं, त्या एबोनाइटच्या पेनाने, पेलिकनमध्ये. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आल्यावर आत्या त्या कागदासमोर जाऊन उभी राहिली. आधी हाताने डावा डोळा झाकला, मग उजवा. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. मला वाटलं काहीतरी बिघडलं.

"अगं, ह्या डोळ्यानं निळी दिसतीय आणि त्या डोळ्यानं हिरवी," ती म्हणाली. मग उजव्या डोळ्याने कितीतरी वेळ बघत राहिली. "ही तर बोर्डोची शाई की गं!"

द्राक्षवाल्यांना सांगायला नको, इतरांसाठी सांगते. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, केवडा रोगावर फवारतात. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. फ्रान्समध्ये बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर असलं निळं काहीतरी मारत, आणि त्या वेली रोगातून वाचतात हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, ही 1880 नंतरच्या दशकातली गोष्ट. आत्याने हे मिश्रण चाळीस वर्षं कालवलंय. लोखंडी विळा बुडवून बघायचा, त्यावर तांबूस थर चढला की चुना कमी पडलाय असं समजायचं. आणि तिने तुलना केली ती नुसती रंगाची नव्हती, नकळत नेमकी होती. मोरचूद तांब्याचं. पिरोजा खड्याचा निळाही तांब्याचाच. आणि फिरोजी शायांत नेहमी वापरला जाणारा एक रंग थॅलोसायनिन घराण्यातला, त्याच्या रेणूच्या मधोमध तांब्याचा एक अणू बसलेला असतो. 1935 साली मोनॅस्ट्रल ब्लू नावाने बाजारात आलेला तो प्रसिद्ध निळाही याच घराण्यातला.

हिरव्याचं कोडंही सुटलं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, ते निळा उजेड अडवतं. फिरोजीतला निळा अडला की उरतो हिरवा. क्लोद मोने या चित्रकाराचं हेच झालं होतं. 1923 साली ब्याऐंशीव्या वर्षी त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मग सगळं जास्तच निळं दिसतंय म्हणून तो कुरकुरायला लागला. आत्या कुरकुरली नाही. आठवडाभर ती घरभर हिंडून एकेक डोळा झाकून वस्तू तपासत होती. देवीचं निळं लुगडं, गॅसची ज्योत, सुनेची बांगडी. "इतकी वर्षं मी ही बांगडी हिरवीच समजत होते," म्हणाली, आणि मग जरा गप्प झाली. बाग तिच्या नवऱ्याने लावलेली, तो जाऊन बारा वर्षं झाली. बोर्डो फवारलेली पानं ती इतके दिवस कोणत्या रंगाची बघत होती, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

पुढच्या चैत्रात दुसरा डोळाही झाला. मग तिने स्वतःहून तो सहा ओळींचा कागद मागवला. तिने तो जपून ठेवला होताच, पण कुठे ते आठवेना, म्हणून मी नवा लिहून पाठवला. यावेळी कुजाकुला चार. शेरा: 'काळोखी आहे.' वॉटरमनला सात, ओळ सापडली म्हणून बहुतेक. लॅमीला आठ. पेलिकनला दहापैकी दहा.

माझी स्वतःची आवड खरं तर लॅमी. ती सहज वाहते, आणि तिच्यात निळं जरासं जास्त आहे. रोजच्या डायरीला अजूनही तीच. पण सर्वांत लाडकी कोणती असं कुणी विचारलं तर आता पेलिकन, तीही त्या एबोनाइटच्या पेनात भरलेली. ब्रिल नातवंडांना खेळायला दिलीय. डायमाइनची बाटली कुणाला हवी असेल तर कळवा, जवळजवळ भरलेली आहे.

पेलिकन मात्र गेल्या महिन्यात पुण्यात कुठेच मिळेना. तसं मी आत्याला लिहिलं. तिचं कार्ड परवा आलं: 'शाई संपली तर काळजी करू नको. छाटणी झाली आहे, बोर्डो पिंपभर कालवून ठेवलंय. ये बाटली घेऊन.'