जुनी रॅम, नवी रॅम

तर झालं असं. गेल्या गणपतीत तासगावला गेलो होतो. आमच्याकडचा गणपती दीड दिवसाचा. ऋषिपंचमीला रथ ओढून झाला की पाहुणे परतीच्या वाटेला लागतात. मी मात्र दोन दिवस जास्त राहिलो. कारण, आप्पांचा कॉम्प्युटर.

तो २०१२ सालचा, बेदाण्याच्या हिशेबासाठी घेतलेला. कुठल्या प्लॉटची द्राक्षं शेडवर कधी टाकली, किती किलो बेदाणा निघाला, सौद्यात काय दर लागला, सगळं एकाच एक्सेल फाईलमध्ये. सुरुवातीची वर्षं आई टाईप करायची. शेवटच्या 'शेरा' रकान्यात ती काहीबाही लिहायची. "रात्री पाऊस, ताडपत्र्या बांधल्या." "आज बायका चारच आल्या." आई २०१९ मध्ये गेली. तेव्हापासून आप्पा एका बोटानं टाईप करतात, आणि शेरा रकाना रिकामा असतो.

मशीनमध्ये २ जीबी रॅम. फाईल उघडायला लावून आप्पा चहा पिऊन येत. म्हणून मी सांगलीहून ४ जीबीची पट्टी आणली. डीडीआर३ च बघून घेतली. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. जुनी १३३३ ची, नवी १६०० ची. अशा दोन एकत्र लावल्या की दोन्ही हळू पट्टीच्या वेगानं चालतात, एवढं मला माहीत होतं. जुनीचे सोनेरी दात खोडरबरनं पुसले, शेजारी नवी बसवली. स्क्रीनवर ६ जीबी दिसली. मी खूश!

दुसऱ्या दिवशी आप्पा फाईल सेव्ह करत असताना निळी स्क्रीन. परत चालू केलं तर फाईल उघडेना. बॅकअप? सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणाऱ्याच्या घरी कसला आलाय बॅकअप...

आप्पा काही बोलले नाहीत. आत जाऊन वह्या घेऊन आले. "आकडं हायत सगळं यात," एवढंच म्हणाले. आकडे होते. शेरे नव्हते.

रात्री मेमटेस्ट लावली. जुनी एकटी, एकही चूक नाही. नवी एकटी, एकही चूक नाही. दोन्ही एकत्र, की लाल ओळी. साध्या डेस्कटॉपच्या मेमरीत एखादा बिट उलटला तर मशीनला ते कळतच नाही. ते चुकीची माहिती बरोबर समजून डिस्कवर लिहून टाकतं. पट्टीचा नुसता वेग बघून भागत नाही. टायमिंग वेगळं, चिपांची मांडणी वेगळी. बोर्डाला दोघींचं जुळवता आलं तर ठीक.

"दोन्ही चांगल्या आहेत आप्पा, पण एकमेकींशी जमत नाही."

"डॉगरिजवर कलम भरताना काडी जाडीला जुळती बघतोय का न्हाई आपण? नवी काडी झ्याक हाय म्हणून कुठल्याबी खुंटावर लागती व्हय?"

हे मला दुकानात जायच्या आधी सुचायला हवं होतं. शेवटी बायोसमध्ये वेग १०६६ वर आणला, म्हणजे दोघींच्याही खाली. रात्रभर टेस्ट चालली, एकही लाल ओळ नाही. (तुम्ही कुणी रॅम वाढवणार असाल तर एकसारख्या दोन पट्ट्यांची जोडीच घ्या. आधी बॅकअप, मग मेमटेस्ट, आणि मगच काम.)

फाईल जुन्या मेलमध्ये सापडली. पीककर्जाच्या कागदांसाठी प्रिंट काढायला म्हणून २०१७ मध्ये आईनंच मला पाठवली होती. तोपर्यंतचे शेरे जसेच्या तसे. पुढची वर्षं आप्पा वहीतून सांगत गेले, मी टाईप करत गेलो. २०१८ च्या एका ओळीवर ते थांबले.

"हितं कायतरी लिवलं हुतं तिनं."

काय ते दोघांनाही आठवेना. तो रकाना तसाच सोडला.

असो. आता फाईल दोन ठिकाणी असते. आप्पा महिन्याला एक प्रत मला पाठवतात. यंदाच्या हंगामाच्या पहिल्या नोंदीसमोर, शेरा रकान्यात एक शब्द होता. "ढगाळ."