हातभर अंतरावरचं शस्त्र

जुन्या मराठी साहसकादंबऱ्या वाचताना खंजीर निघाला की पानावरचा आवाज खाली येतो, हा माझा नेहमीचा अनुभव. तलवारीच्या झटापटीत घोडे फुरफुरतात, आरोळ्या उठतात, मुडदे पडतात आणि वाक्यं लांबत जातात. मग रात्र होते, भुयाराच्या तोंडाशी मशाल विझते, शेल्यातून काहीतरी चकाकतं, आणि लगेच कुणीतरी विचारतं, ‘कोण आहेस तू?’ वाचक म्हणून मला आता या प्रश्नाची वाट पाहायची सवयच लागली आहे. उगारलेला खंजीर बहुधा हवेतच थांबतो. ओळख पटते, शपथ घेतली जाते, लपवलेलं पत्र बाहेर येतं, वैरी समजलेला माणूस भाऊ निघतो. त्यामुळे माझं असं मत झालं आहे की आपल्या साहसकथेत खंजीर येतो तो दोन माणसांना हातभर अंतरावर आणून बोलतं करण्यासाठी. जीव घेणं हे त्याचं दुय्यम काम.

हे काम त्याला जमतं ते त्याच्या घडणीमुळे. कट्यारीचंच पाहा. तिला तलवारीसारखी मूठ नसते. दोन समांतर पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या. दांड्या मुठीत धरल्या की पट्ट्या मनगटाच्या दोन्ही बाजूंना येतात आणि पातं हाताच्या सरळ रेषेत पुढे निघतं. म्हणून कट्यार फिरवत नाहीत, ठोसा मारावा तशी खुपसतात. पुष्कळ कट्यारींचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, चिलखताची कडी फुटावी म्हणून. बिचवा वळणदार, विंचवाच्या नांगीवरून नाव मिळालेला. वाघनखं तर मूठ मिटली की दिसतच नाहीत. पाहणाऱ्याला बोटांत दोन अंगठ्या दिसतात, एवढंच. समोरच्याचा श्वास लागेल इतकं जवळ गेल्याशिवाय यातलं एकही हत्यार उपयोगाचं नाही. भालाईताला शत्रूचा चेहरा ओळखायची गरज नसते, गोलंदाजाला तर शत्रू नीट दिसतही नाही. कट्यारवाल्याला मात्र डोळ्यांत पाहावंच लागतं, आणि एवढ्या जवळून दोन माणसं एकमेकांना पाहू लागली की कादंबरीकाराला संवाद आयता मिळतो.

याचा सर्वांत भक्कम पुरावा कादंबरीच्याही आधीचा, बखरीतला आहे. १० नोव्हेंबर १६५९ ची शिवाजी महाराज आणि अफझलखानाची प्रतापगडाखालची भेट कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिली ती १६९७ च्या सुमारास, म्हणजे सदतीस-अडतीस वर्षांनी. मोठमोठ्या मोहिमा भराभर उरकणारा हा लेखक या भेटीपाशी रेंगाळतो. खान महाराजांची मान बगलेत धरतो, जमदाड म्हणजे कट्यार कुशीत चालवतो, ती अंगावरच्या कुडतीवर घासते. मग वाघनख, मग बिचवा. कोणतं शस्त्र नेमकं कधी चाललं यावर अभ्यासक वाद घालतात, घालोत बापडे. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की मराठी मनातला सर्वांत मोठा साहसप्रसंग मिठीत घडतो. शेजारी १६७० ची सिंहगडाची गोष्ट ठेवून पाहा. तानाजी आणि उदेभान तलवारीने लढतात, दोघेही पडतात, पोवाडा रंगतो. पण त्या दोघांत बोलणं असं काही होत नाही. प्रतापगडाखाली सगळं बोलणंच आहे. खानाकडून कृष्णाजी भास्कर येतो, महाराजांकडून पंताजी गोपीनाथ जातो, शपथा होतात, किती माणसं बरोबर आणायची ते ठरतं. बिचवा हे त्या लांबलेल्या बोलण्याचं शेवटचं वाक्य. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हा ती प्रतापगडचीच याची खात्री खुद्द ते संग्रहालयही देत नव्हतं. तरी कुतूहल होतं ते या तळहातावर मावणाऱ्या वस्तूचं. त्या लढाईतल्या तलवारी कुठे गेल्या, हे कुणी विचारलं नाही.

यावर पहिला आक्षेप उसनवारीचा. रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या मराठी लेखकांना झपाटलं होतं. हरि नारायण आपट्यांची ‘मधली स्थिती’ही त्याच्याच वळणावर उभी आहे. तेव्हा खंजीरही तिकडूनच आला असेल, असं म्हणता येतं. भुयार तिकडून आलं असेल, प्रकरणाच्या शेवटी वाचकाला टांगून ठेवायची युक्तीही आली असेल. पण १८७१ मध्ये गुंजीकरांनी ‘मोचनगड’ लिहिली, तेव्हा ती वाचणाऱ्याच्या कानावर प्रतापगडचा पोवाडा कधीचा पडलेला होता. त्याला खंजीर परका वाटायचं कारणच नव्हतं. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: त्या काळी कमरेला कट्यार असायचीच, मग लेखकाने ती दाखवली यात विशेष काय? असायची हे खरं. जुन्या चित्रांतल्या सरदारांच्या शेल्यात ती दिसते, मानाच्या पोशाखाबरोबर दिलीही जायची. पण कादंबरी नुसता आरसा असती, तर तिच्यात भाला अधिक दिसायला हवा होता. मराठी स्वाराचं खरं हत्यार ते. भाल्याभोवती रहस्य गुंफलेली कादंबरी मी तरी वाचलेली नाही. बिचारा भाला! लांबून काम करतो, म्हणून त्याला गोष्ट मिळाली नाही.

आमच्या नाशिकचा पुरावा मात्र वरवर पाहता माझ्या विरुद्ध जातो. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद थिएटरात ‘शारदा’चा प्रयोग, कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाचा समारंभ, आणि टपून बसलेला अठरा वर्षांचा अनंत कान्हेरे. गुप्त मंडळी, शपथा, नाटकगृह, दिव्यांचा उजेड: नाथमाधवांसारख्या कादंबरीकाराने रचावा असाच देखावा. कथेच्या हिशेबाने इथे खंजीर निघायला हवा होता. निघालं ते लंडनहून आलेलं ब्राउनिंग पिस्तूल. हत्यार म्हणून खंजिराचा जमाना तिथे सरला हे मी मान्य करतो, आणि पुढे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारच्या जगात पिस्तुलाचंच राज्य आलं हेही. पण गोळी झाडायला कान्हेरे जवळ गेला तरी गोळीला संवाद लागत नाही. बोलणं झालं ते नंतर, न्यायालयात. पिस्तुलाने माणूस मारणं सोपं केलं आणि त्याच्याआधीचं बोलणं खाऊन टाकलं. रहस्यकथेत मग तो संवाद शेवटच्या प्रकरणात, गुप्तहेराच्या खुलाशात, वेगळा बसवावा लागला.

आणखी एक शंका उरते. मराठीत सर्वांत जास्त वापरातला खंजीर पाठीत खुपसलेला आहे. १९७८ साली वसंतदादा पाटलांचं सरकार पडल्यापासून तर आपल्या राजकारणाची भाषा त्याच्यावाचून एक दिवस काढत नाही. पाठीला डोळे नसतात, मग माझ्या समोरासमोरच्या सिद्धान्ताचं काय? पण हा वाक्प्रचार शत्रूबद्दल कधी वापरतात का? ज्याला आपण पाठ दाखवून निर्धास्त उभे राहतो, त्याच्याबद्दलच तो निघतो. अंतर तेच हातभराचं, फक्त बोलणं आधी होऊन गेलेलं. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांवर गारद्यांच्या तलवारी चालल्या, पण लोकांच्या आठवणीत तलवारी नाहीत. आठवणीत आहे काकाच्या गळ्याला पडलेला पुतण्या, आणि काकू आनंदीबाईंच्या नावावर घातलेला ‘ध’चा ‘मा’. तलवारीच्या खुनाचीही लोकांनी खंजिराची गोष्ट केली.

रंगभूमीने हे कादंबरीच्याही पुढे नेलं. ‘मॅकबेथ’मधला हवेत दिसणारा खंजीर शि. म. परांजप्यांना ‘मानाजीराव’ लिहावंसं वाटण्याइतका आपला वाटला, आणि नाशिकच्या शिरवाडकरांनीही त्याच नाटकावरून ‘राजमुकुट’ केलं. तो खंजीर तर कुणाच्याच हातात नसतो. माणूस स्वतःशीच बोलू लागतो. पण मला सर्वांत पुढचा टप्पा वाटतो तो पुरुषोत्तम दारव्हेकरांचा. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये कट्यार राजगायकाचा मान आहे आणि तिच्याबरोबर एक खून माफ आहे. कायद्याने राजगायक खाँसाहेबांचा हात मोकळा केलेला, समोर तरुण गायक सदाशिव, अंतर हातभराचं. साहसकादंबरीत इथे ‘कोण आहेस तू?’ आलं असतं. सदाशिव गाऊन सांगतो, आणि खाँसाहेब कट्यार हातात धरून ऐकत राहतात.