नर्मदाकाठचा दुसरा धूर

जबलपूरहून वीस-बावीस किलोमीटरवर, भेडाघाटला, नर्मदा एकाएकी अरुंद होते आणि खडकांवरून खाली झेपावते. तुषार एवढे उसळतात की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, तिकडे काहीतरी पेटलंय. म्हणूनच या धबधब्याचं नाव धुआंधार. पर्यटक येतात, हा पाण्याचा धूर पाहतात, संगमरवरी कड्यांमधून नावेत फिरतात, चौसष्ट योगिनींच्या मंदिराच्या पायऱ्या चढतात आणि संध्याकाळच्या आत शहरात परततात.

हिवाळ्यात मात्र याच नदीच्या काठी आणखी एक धूर दिसतो. ग्वारीघाट असो, तिलवारा असो की आडबाजूचा एखादा निवांत घाट, चार-पाच कुटुंबं सतरंज्या टाकून बसलेली असतात. थोडं बाजूला गोवऱ्यांचा ढीग धुमसत असतो आणि त्याच्याभोवती दोघं-तिघं उकिडवे बसलेले असतात. हा धूर गक्कड-भर्त्याचा.

गक्कड म्हणजे कणकेचा, निखाऱ्यात भाजलेला गोळा. विदर्भातल्या वाचकांना रोडगे आठवतील, खानदेशातल्यांना बट्टी. भर्ता म्हणजे आपलं भरीत. वांगी, टोमॅटो, मिरच्या त्याच आगीत भाजून कुस्करायचं, वर कच्चा कांदा, कोथिंबीर. सोबत डाळ आणि वाडग्यात पातळ केलेलं तूप. जबलपूर, नरसिंहपूर, सागर या सगळ्या पट्ट्यात पाहुण्याला खास काही खाऊ घालायचं म्हटलं की याच पदार्थाचं नाव निघतं. नरसिंहपूर जिल्ह्यात नर्मदेवर बरमान घाट आहे. तिथे मकर संक्रांतीला मोठी जत्रा भरते. बरमानची वांगी भर्त्यासाठी प्रसिद्ध आहेत आणि जत्रेला गेलेला माणूस गक्कड-भर्ता खाल्ल्याशिवाय सहसा परतत नाही.

चटका आणि शेक

पदार्थ साधा, सामग्री त्याहून साधी. तरी पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातून तो हमखास बिघडतो. वरून कोळसा, आतून कच्ची कणीक. चूक पिठात नसते, आचेत असते.

गोवऱ्या रचून पेटवल्या की आधी जाळ आणि दाट धूर होतो. या वेळी कणकेला हात लावायचा नसतो. ही वेळ वांग्यांची. जाळात साल करपली तरी बिघडत नाही, उलट तोच भर्त्याचा वास. जाळ बसला, धूर विरळ झाला, गोवऱ्या आतून लाल आणि वरून राखाडी झाल्या, की निखारे काठीने पसरायचे. गोळे त्यावर ठेवून फिरवत राहायचे, म्हणजे सगळ्या बाजूंनी कवच धरतं. मग निखारे बाजूला सारून गोळे गरम राखेत पुरायचे, वर पुन्हा राख आणि थोडे निखारे. पहिल्या टप्प्यात चटका, दुसऱ्यात शेक.

राखेचं काम इथे मोठं आहे. ती निखाऱ्यापर्यंत हवा कमी पोचू देते, म्हणून निखारा भडकत नाही. आणि स्वतः ऊब धरून ठेवते, म्हणून तो लवकर विझतही नाही. राखेचा थर जाड केला की आच उतरते, काठीने उकरला की चढते. शहरातल्या गॅसच्या शेगडीला बटण असतं. इथे बटण म्हणजे राख.

आच किती आहे हे कळायचं कसं? जाणता माणूस तळहात वर धरून पाहतो. धुराचा रंग पाहतो, वास घेतो. गोळ्याला भेग पडली, बोटाने टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, की झालं. नदीवर वारा असतो, तोही हिशेबात घ्यावा लागतो. वाऱ्याच्या बाजूचे गोळे आधी करपतात, म्हणून तिकडे दगडांचा आडोसा करतात किंवा वीतभर खोल खड्ड्यातच आग पेटवतात. गोवरी थोडी ओलसर असली तर सगळं वेळापत्रकच कोलमडतं. एकूण तास-दीड तासाचं काम, पण त्यातला निम्मा वेळ तरी कुणीतरी आगीपासून हलता कामा नये.

तिकडचा पंखा

आगीपासून हलता येत नाही, ही अडचण फक्त नर्मदाकाठची नाही. अमेरिकेत मांस मंद आचेवर धुरात शिजवण्याची जुनी रीत आहे. त्यासाठी झाकणाची, लोखंडाची किंवा जाड सिरॅमिकची भट्टी वापरतात. तिला स्मोकर म्हणतात. आत लाकडी कोळसा आणि सुगंधी लाकडाचे तुकडे घालून तापमान ११० ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास धरून ठेवायचं. गाईच्या छातीचा मोठा तुकडा असेल तर दहा-बारा तास, कधी त्याहून जास्त. पूर्वी घरातला कुणीतरी रात्रभर उठून उठून भट्टीची झडप उघडझाप करत असे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत तिथल्या हौशी मंडळींनी हे काम यंत्राकडे दिलं. भट्टीच्या खालच्या झडपेला छोटा विजेचा पंखा बसवतात. एक तापमापी सळई भट्टीत, दुसरी मांसात. हवं ते तापमान एकदा ठरवून दिलं की यंत्र दर काही क्षणांनी भट्टीची उष्णता तपासतं. कमी असली तर पंखा सुरू, पुरेशी झाली की बंद किंवा मंद. आणि वाय-फायवरून हे सगळे आकडे मोबाईलवर दिसतात. माणूस आत झोपलेला असतो. आच घसरली तर उशाशी फोन वाजतो. पैसे मात्र काही शे डॉलर मोजावे लागतात.

गंमत अशी की हा पंखा आणि जबलपूरची राख एकच काम करतात: आगीला हवा किती द्यायची ते ठरवतात. पंख्याची एक मर्यादाही आहे. तो हवा वाढवू शकतो, काढून घेऊ शकत नाही. एकदा आच वर गेली की पंखा बंद करून वाट पाहणं एवढंच त्याच्या हाती उरतं, आणि जाड भिंतींची भट्टी निवायला खूप वेळ घेते. कुणी झाकण उघडून डोकावलं की आतली उष्णता पडते. साध्या यंत्राला वाटतं आग मंदावली, ते जोरात वारा घालतं आणि झाकण लागताच भट्टी भडकते. सुधारित यंत्रं झाकण उघडल्याचं ओळखतात. वाय-फाय तुटलं तरी बहुतेक यंत्रं आपलं काम चालू ठेवतात, फक्त मालकाला खबर मिळत नाही.

असं यंत्र जबलपूरला नवलाचं वाटण्याचं कारण नाही. १९०४ पासून इथे तोफगाड्यांचा कारखाना आहे, ग्रे आयर्न फाउंड्री आहे. हजाराहून अधिक अंशांवर वितळणारं लोखंड ओतणाऱ्यांचं हे गाव. १९४७ साली सुरू झालेलं अभियांत्रिकी महाविद्यालय इथे आहे, आरेखन आणि उत्पादन शिकवणारी केंद्र सरकारची संस्थाही आहे. तापमापी, लहानसा पंखा आणि वाय-फायची चिप जोडणं इथल्या विद्यार्थ्याला एका सुटीचं काम.

पण ते गक्कडला लावायचं कुठे? उघड्या आगीत पंखा सोडला तर राख उडून भर्त्यात जाईल. बंद पेटी केली तरी राखेत वीतभर अंतरावर तापमान वेगळं. एका सळईने सगळ्या गोळ्यांची खबर कळत नाही. उपयोग झालाच तर मांसात खुपसायच्या त्या सळईचा होईल. कणकेचा गोळा मधोमध पंचाण्णव अंशांच्या आसपास पोचला की आतून भाजला असं समजायला हरकत नाही, आणि मांसाचा तो चिवट तुकडाही साधारण त्याच आकड्याला मऊ पडतो. नवशिक्यासाठी ही सोय वाईट नाही.

चूल गेली, हात राहिले का?

नवशिके वाढताहेत, हे मात्र खरं. गोवऱ्यांची आच ओळखणारे हात रोजच्या चुलीवर तयार झाले होते. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, खेड्यापाड्यांत गॅस पोचला; शहरात तर तो कधीचाच आहे. ज्या बायकांचे डोळे आणि छाती त्या धुराने पोखरली, त्यांनी चुलीला रामराम ठोकला याचं कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. चवीसाठी चूल परत आणा म्हणणारा बहुधा चुलीपुढे बसलेला नसतो! पण चुलीबरोबर रोजचा सरावही गेला. आता आग वर्षातून दोन-चारदा, सहलीला नाहीतर जत्रेला पेटते. घरी गॅसच्या तंदूरमध्ये गक्कड होतात, नीट भाजलेही जातात; चवीत जे कमी पडतं ते खाणाऱ्याला कळतं, नेमकं काय ते सांगता येत नाही.

म्हणून नदीवरच्या त्या आगीभोवती सध्या एक नवीन गोष्ट चालते. घरातली वडीलधारी बाई सतरंजीवर बसून लांबून सूचना देते आणि तरुण मुलं-मुली राख उकरतात. पुरुषही कणीक मळतात, जे घरी क्वचितच घडतं. पहिले दोन-तीन गोळे करपतात. ते हसत हसत फोडून, आतला बरा भाग काढून तुपात बुडवून खाल्ले जातात.

जाणार असाल तर

मुंबई आणि कोलकात्याकडून आलेले लोहमार्ग १८७० साली जबलपूरलाच जुळले, त्यामुळे मुंबईहून इथे थेट गाड्या आहेत. नागपूरहून सिवनी, लखनादौनमार्गे रस्त्याने पाच-सहा तास. गोंदियाची जुनी छोटी गाडी गेली, आता तिथून रुंद मार्ग आहे. विमान डुमनाला उतरतं. वैदर्भीयांना हे शहर परकं वाटत नाही. १७८१ ते १८१७ इथे मराठ्यांचा अंमल होता आणि १९५६ पर्यंत जबलपूर व नागपूर एकाच प्रांतात होते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात भेडाघाटची नौका बंद असते आणि गोवऱ्याही ओल्या. शहरात कमानिया गेटपाशी खव्याची जिलबी चाखावी. काळपट दिसते म्हणून नाक मुरडू नये, खवा जळू न देता ती मंद आचेवर तळावी लागते, तेही आचेचंच कसब.

गक्कड स्वतः करायचे असतील तर गोवऱ्या, जाडसर दळलेली कणीक, वांगी आणि तूप शहरातूनच घ्यावं. गोळे पुसायला एक जाड सुती फडकं हवंच. त्यात घालून झटकले की राख निघते. आगीसाठी घाटाच्या पायऱ्या सोडून मोकळी जागा निवडावी, आणि निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतून राख तिथेच मातीत पुरावी, नदीत टाकू नये. वरून निवलेली दिसली तरी आत बराच वेळ विस्तव असतो. लहान मुलं बरोबर असतील तर तेवढं ध्यानात ठेवावं.