सॉल्टेअरची ऊब

यॉर्कशायरमध्ये एअर नदीकाठी सॉल्टेअर नावाचे टुमदार गाव आहे. टायटस सॉल्ट या गिरणीमालकाने १८५३ साली येथे लोकरीची प्रचंड गिरणी सुरू केली आणि कामगारांसाठी दगडी घरांच्या रांगा उभारल्या. २००१ पासून हे गाव जागतिक वारशाच्या यादीत आहे. प्रवासी त्या भिंतींवर लुब्ध होतो. पण अशा जुन्या, भरीव भिंतींतून हिवाळ्यात ऊब भराभर निसटते, हे आत राहणाऱ्या पेन्शनरालाच ठाऊक!

ब्रिटिश सरकारने १९९७ साली वृद्धांना हिवाळी इंधनाचे पैसे देणे सुरू केले. घरामागे २०० पौंड. कोणी ऐंशीचे असेल तर ३००. इंग्लंडात २०२४ साली ते केवळ गरिबांपुरते उरले. मोठी ओरड झाली, तेव्हा २०२५ साली ३५,००० पौंडांपर्यंत वार्षिक उत्पन्न असणाऱ्यांना ते पुन्हा लाभले.

तरीही शहाणे विचारतातच : मुले पांगली, आता रिकाम्या खोल्या कशाला तापवायच्या? लहान घर घ्या!

हिशेब चोख आहे. मात्र घराबरोबर शेजारही सुटतो, ही रक्कम त्यात कोणी मांडत नाही. सॉल्टने १८६८ साली वृद्ध व अपंगांसाठी ४५ छोटी घरे बांधली, ती गावाबाहेर नव्हे. भर गावात, बागेच्या चौकाभोवती, इस्पितळाजवळ. ती आजही उभी आहेत. म्हातारपणी घर लहान व्हावे, पण गाव लहान होऊ नये, एवढे तरी त्या चौकात उभे राहिले की पटते.