दोन भिंगें आणि एक डबा

चित्रपट पाहतांना झोंप आली तर दोष कोणाचा, पाहणाराचा कीं दाखविणाराचा, हा प्रश्न गेल्या पंधरवड्यापासून आमच्या घरांत गाजत आहे. तो उपस्थित करण्याचें श्रेय आमच्या पुतण्याचें. तो चित्रपटकलेचा अभ्यास करतो, व 'तुम्ही सगळे अजून गोष्टींतच अडकून बसलां आहांत' हा आम्हां वडील माणसांवरील त्याचा नेहमींचा आक्षेप. हा आक्षेप खोडून काढावा, निदान आपली गणना उदार मनाच्या माणसांत व्हावी, अशा हेतूनें एका रविवारीं रात्रीं आम्ही सर्व मंडळींसह 'उसकी रोटी' पाहण्यास बसलों.

मणि कौल (१९४४–२०११) यांचा हा पहिला मोठा चित्रपट, सन १९७० चा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्यें ऋत्विक घटकांच्या हाताखालीं ते शिकले, आणि फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेच्या पैशावर त्यांनीं हें चित्र काढलें. कथा मोहन राकेश यांची, आणि ती कोणाचेंही काळीज हलवील अशी आहे. पंजाबांतल्या एका खेड्यांतील बालो ही बाई मोटार-ड्रायव्हर नवऱ्यासाठीं रोज रोट्या घेऊन हमरस्त्यावर उभी राहते. नवरा राहतो शहरांत, आणि तेथें त्याची दुसरी एक बाई आहे. एके दिवशीं गांवांतला एक गुंड बालोच्या धाकट्या बहिणीला त्रास देतो, त्या घोटाळ्यांत बालोला उशीर होतो, नवरा रागावून रोटी न घेतांच मोटार हांकून निघून जातो, आणि ही बिचारी रात्र पडेपर्यंत तेथेंच उभी. एवढ्या सामग्रींत काय नाहीं? भय आहे, लाज आहे, बहिणीची माया आहे, आणि मार खाऊनही न मरणारी पातिव्रत्याची ती विलक्षण संवय आहे.

परंतु पडद्यावर हें सारें आलें कोठें? माणसें बोलतात तीं पाढे म्हटल्यासारखीं. फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांच्या पद्धतीचा हा प्रभाव, अभिनय मुद्दामच गाळलेला आहे, असें पुतण्यानें सांगितलें. एक वाक्य झाल्यावर दुसरें येईपर्यंत आमच्या सौभाग्यवतींची सुपारी कातरून होई. भिंत दिसते, हात दिसतो, रस्ता दिसतो, पुन्हा भिंत दिसते. पंधरा मिनिटांत मुलें पांगलीं. अर्ध्या तासानें आमचीही मान कलूं लागली, तेव्हां पुतण्यानें यंत्र थांबवून आम्हांस भिंगांचें रहस्य समजावून दिलें. छायालेखक के. के. महाजन यांनीं म्हणे दोनच भिंगें वापरलीं आहेत, एक २८ मिलिमीटरचें रुंद, दुसरें ७५ मिलिमीटरचें लांब. आरंभीं एकानें प्रत्यक्ष घडणारें दाखवावयाचें, दुसऱ्यानें बालोच्या मनांतलें, आणि पुढें पुढें दोहोंची अदलाबदल करावयाची. युक्ति चतुर आहे, आणि छायालेखन तर इतकें देखणें कीं त्यास राष्ट्रीय पारितोषिक मिळालें याचें आम्हांस मुळींच नवल वाटलें नाहीं. पण बाई रस्त्यावर उभी आहे कीं स्वतःच्या मनांत, हें प्रेक्षकानें भिंगाच्या आंकड्यावरून ओळखावयाचें म्हणजे जेवणाराला चव कळण्यासाठीं पातेल्याचें वजन सांगण्यापैकींच झालें!

तंत्राशीं आमचें वैर नाहीं. जेथें १९६० सालीं ही इन्स्टिट्यूट निघाली, त्याच प्रभातच्या आवारांत १९३७ सालीं शांतारामबापूंनीं 'कुंकू' काढला. त्यांत पार्श्वसंगीत अजिबात नाहीं. घरांत, रस्त्यांत जे आवाज सहज होतात तेवढेच. त्या काळीं हा प्रयोग लहान नव्हता. घरांतलें तें जुनें घड्याळ तर एक पात्रच होऊन बसलें आहे. पण हें सर्व ध्यानांत आलें तें चित्र दुसऱ्यांदा पाहतांना. पहिल्यांदा आम्ही नीरेचें आतां काय होणार या एकाच चिंतेंत होतों.

पुतण्याचें उत्तर असें कीं, वाट पाहणें हें कंटाळवाणेंच असतें, आणि तो कंटाळा तुम्हांस भोगावयास लावणें हीच दिग्दर्शकाची करामत. या बिनतोड वाटणाऱ्या युक्तिवादानें आम्ही क्षणभर गप्प झालों, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. त्याचें उत्तर आम्हांस सुचलें नाहीं. तें आमच्या काकूंकडून आलें, आणि तेंही उत्तर म्हणून नव्हे.

काकूंचें वय पंचाऐंशी. त्या शेवटपर्यंत जाग्या होत्या. मध्यंतरीं त्यांनीं एकच प्रश्न विचारला, "तिनं स्वतः कांहीं खाल्लं का रे?" पुतण्या म्हणाला, "आजी, ह्यांत तसा प्रश्नच नाहीं." काकू बरें म्हणाल्या.

चित्र संपल्यावर दिवा लागला, आणि त्या आपण होऊन बोलूं लागल्या. काका रेल्वेंत गार्ड होते हें आम्हांस माहीत होतें. पण त्यांची गाडी आमच्या गांवावरून जाई त्या दिवशीं काकू स्टेशनावर डबा नेऊन देत, हें आम्हीं प्रथमच ऐकलें. गाडी थांबे मोजून तीन मिनिटें. १९६५ च्या सुमारास एकदां धाकट्याला ताप भरला, चूल उशिरां पेटली, आणि काकू फलाटावर पोंचल्या तेव्हां काका शेवटच्या डब्याच्या दारांत हिरवें निशाण हलवीत उभे होते. "त्यांनीं मला पाहिलं," काकू म्हणाल्या. "मी धांवत होतें. पण निशाण त्यांच्याच हातांत ना! तें खालीं कसं घेणार? हलवीत राहिले आणि गेले. मी डबा घेऊन तेथल्या बांकावर बसलें. पोर घरीं तापलेलं, आणि मला उठवेना. मनांत काय काय आलं म्हणून सांगूं! ते उपाशी राहिले असतील, कीं कोणी दिलं असेल, देणारी कोण असेल... असले पापी विचारसुद्धां आले बघ. घटका गेली कीं प्रहर, कांहीं कळलं नाहीं."

मुलें केव्हां परत येऊन दाराशीं बसलीं होतीं, तें आम्हांस समजलें नाहीं. सुपारी कातरण्याचा आवाजही थांबला होता.

"मग?" पुतण्यानें विचारलें. "दुसऱ्या दिवशीं घरीं आल्यावर आजोबा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? पाय धुतले, पोराच्या कपाळाला हात लावला, आणि डब्यांत काल काय होतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, भरलीं वांगीं. तर म्हणाले, आज पुन्हा कर."