पाणी शेवटाला जाईपर्यंत

शेतावरच्या घरात कामं वाटली जातात ती ताकदीच्या हिशोबानं. नांगरट, पोती उचलणं, गाडी भरणं बाप्यांकडं आणि भांगलण, कापणी, मळणी बायकांकडं. बायकांची कामं हलकी असतात हा हिशोबही बाप्यांनीच मांडलेला आहे, त्यामुळं त्यावर फार विश्वास ठेवू नये. या दोन्ही वाटण्यांत न बसणारं एक माणूस घरात असतं. ते तेरा ते सोळा वर्षांचं असतं. पोतं त्याच्या पाठीवर टिकत नाही आणि शेरडामागं पाठवलं तर त्याला लाज वाटते. त्याच्या वाट्याला दोन कामं येतात, दारं धरणं आणि पाखरं राखणं. दोन्हीत अंगाला रग लागत नाही. बराच वेळ काहीच घडत नाही आणि मग एका क्षणी उठावंच लागतं. मधल्या वेळात पोरगं खेळतं. मी या दोन्ही कामांत वाढलो, आणि पहिलं अजून करतो. खेळ आणि काम यांचा सांधा कुठं जुळतो ते त्यामुळं मला थोडंफार माहीत आहे.

आमचं रान कृष्णेच्या काठी, वाळवा तालुक्यात. काळी जमीन, ऊस आणि वरच्या बाजूच्या पट्टीत शाळू. दारं धरणं म्हणजे पाटातून आलेलं पाणी एकेका सरीला फोडून देणं. ती भरली की तिचं दारं मोडून पुढची फोडायची. ऐकायला इतकंच आहे. पण खोरं हातात घेतल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो, एका वेळी किती सऱ्या फोडायच्या? जास्त फोडल्या तर पाणी वाटलं जातं, रेंगाळतं, निम्म्यातच जमीन पिऊन टाकते आणि शेवटचा ऊस कोरडा राहतो. कमी फोडल्या तर एकेकीत लोंढा जातो, वरंबा फुटतो आणि शेजारच्या सरीत पाणी शिरून सगळाच हिशोब बिघडतो. त्याचं उत्तर रोज वेगळं असतं. मोटर किती ओढतेय, पाट किती गळतोय, रान किती दिवसांनी भिजतंय, कुठं उतार आहे, कुठं पाणी बसतं, हे सगळं त्यात येतं. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडल्या असल्या तर पहिला तासभर पाणी पुढं सरकतच नाही. ते खाली जातं आणि जाताना गटगट आवाज करतं. त्या आवाजाला कंटाळून चौथी सरी फोडली की काम हाताबाहेर गेलंच म्हणून समजावं.

दुसरी गोष्ट, पाणी शेवटाला पोचल्यावर दारं मोडलं तर उशीर झालेला असतो. सरीत आधीच असलेलं पाणी मोडल्यानंतरही पुढं चालत राहतं. म्हणून शेवट थोडा लांब असतानाच मोडायचं आणि उरलेलं अंतर त्याचं त्याला जाऊ द्यायचं. किती लांब, हे रानाच्या उतारावर ठरतं. नव्या माणसाला हे सांगून पटत नाही. त्याला वाटतं, डोळ्यांनी पाणी शेवटाला टेकलेलं बघावं आणि मग निवांत यावं. तोवर बांधावरून पाणी ओघळून खालच्या वाल्याच्या हरभऱ्यात गेलेलं असतं, आणि तो वाला बांधावर येऊन उभा असतो.

दारं मोडायलाही पद्धत आहे. कोरडी ढेकळं टाकली तर पाणी ती विरघळवून घेऊन जातं. बांधावरची हराळीची मुळं असलेली ओली चिखलगाठ एका खोऱ्यात उचलायची, तोंडावर बसवायची आणि टाचेनं दाबायची. लोंढा मोठा असेल तर आधी पाचटाचा बोळा किंवा फाटक्या पोत्याचा तुकडा, मग चिखल. पाणी ज्या बाजूनं येतं तिकडं पाय घट्ट रोवून उभं राहिलं की पायच निम्मा बांध होतो. आमचे आबा खोऱ्याच्या तीन फटक्यांत मोडत. आम्ही पोरं तेवढ्यालाच दहा-बारा फटके घेत असू, आणि तोवर कोपरापर्यंत चिखल.

आबांच्या पोरवयात हे काम जास्त घाईचं होतं, असं ते सांगत. तेव्हा विहिरीवर मोट होती. धावेवरून बैल खाली उतरत, सोंडेतून पाणी थारोळ्यात पडायचं आणि तिथून पाटाला लागायचं. बाप मोटेवर आणि पोरगं दाऱ्यावर, ही जोडी ठरलेली. मोटेचं पाणी धक्क्याधक्क्यानं येतं. बैल दमले की बारीक होतं. तितक्याशा पाण्यात वाफे भिजवायचे म्हणजे एक ओंजळही वाया जाऊन चालत नसे. मोटर आल्यावर पाणी वाढलं आणि पोराचं लक्ष उडालं, असं आबांचं म्हणणं. त्यात थोडी अतिशयोक्ती होती, पण थोडीच.

आता मधल्या वेळाबद्दल. सरी भरायला वेळ लागतो. लांब सरीला वीस मिनिटं, कधी जास्त. या वेळात पोरगं काय करतं? बसून राहतं असं समजणारे कधी दाऱ्यावर गेलेले नसतात. पाटात पाचटाच्या होड्या सोडायच्या आणि कुणाची आधी पोचते ते बघत पळायचं. चिखलाचे बैल करून त्यांच्या खांद्यावर काडीचं जू ठेवायचं. पाटाच्या कडेची खेकड्यांची बिळं चाचपायची. हा शेवटचा खेळ मला सगळ्यांत शहाणा वाटतो. खेकड्याच्या बिळातून पाट गळतो. खेकडा काढला आणि भोक दाबून बुजवलं की पाटाची दुरुस्ती होते. संध्याकाळी आई त्याचं कालवण करायची, ते वेगळंच. बिळात हात घालताना बोटं कुठल्या बाजूनं न्यायची आणि नांग्या कुठून धरायच्या, हे कुणी शिकवत नाही. ते एकदा चावा बसला की कळतं.

हरभऱ्याचे दिवस असले की बांधावर हावळा भाजायचा. घाटे जरा काळवंडले की काढायचे, राखेतच चोळायचे आणि तोंड काळं करून खायचे. पण हे सगळं खेळणं पाण्याच्या मापात बसवावं लागतं. खेळ असा निवडायचा की मधूनच सोडता येईल. विटी-दांडू दाऱ्यावर चालत नाही. त्यात डाव राहतो, भांडण राहतं आणि पाणी फुटतं. होडी चालते, खेकडा चालतो, गाणं चालतं. घड्याळ नसताना वीस मिनिटं अंगाला कळायला लागतात, ती याच खेळांमुळं. माझ्या मते दारं धरणाऱ्या पोराचं खरं कसब तेवढंच आहे. खेळात पुरतं बुडायचं आणि तरी एक कान सरीत ठेवायचा.

डोळ्यांना मदत बगळ्यांची. ऊस गुडघ्याएवढा असतो तोवर पाण्याचं तोंड कुठं आहे ते बांधावरून दिसत नाही, पण बगळे दिसतात. पाणी पुढं सरकतं तसे जमिनीतले किडे, मुंगळे आणि नाकतोडे बाहेर पळतात. बगळे पाण्याच्या तोंडाशी चालत चालत ते टिपतात. पांढरे ठिपके जिथं, पाणी तिथं. बगळे शेवटाजवळ पोचले की खोरं उचलायचं. ऊस वाढला, मोठी बांधणी झाली आणि पाला डोक्याच्या वर गेला की ही सोय संपते. मग आवाजावरच भागवावं लागतं. कोरडी माती पाणी पिताना बारीक सरसरते, बुडबुडे सोडते. भिजून झालेली गप्प असते. उसाच्या पाल्याला धार असते, म्हणून त्या दिवसांत भर उन्हातही पूर्ण बाह्यांचा सदरा.

रात्रीच्या दाऱ्याबद्दल लिहिताना लोक चांदणं आणतात. मला त्याचा राग येतो. शेतीच्या लायनीला काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री दहा तास लाईट, असा हिशोब बरीच वर्षं चालला. रात्रपाळीच्या आठवड्यात माणसानं काय करायचं? मध्यरात्री उठायचं, स्टार्टर टाकायचा आणि बॅटरीच्या उजेडात सरीत उतरायचं. उसात उंदीर असतात, उंदरांमागं घोणस असते. घोणस निदान फुत्कारते, मण्यार तेवढंही करत नाही. गमबूट असले तरी पोरं ते काढून ठेवतात, कारण चिखलात बूट रुततो आणि पाणी पायाला कळत नाही. लाईट मधेच गेली तर अर्ध्या भिजलेल्या सरीच्या तोंडाशी काठी रोवून यायचं आणि लाईट परत आल्यावर तिथून सुरुवात करायची. पाट पुन्हा भरेपर्यंतचं पाणी वाया जातं ते जातंच. शेतीला दिवसा वीज द्यावी म्हणून २०१७ साली सौर कृषी वाहिनीची योजना निघाली. तिचं कौतुक रात्री दारं धरलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

पाखरं राखणं त्या मानानं राजेशाही काम. शाळू निसवला, दाणा भरायला लागला की रानात माळा उभा करायचा. चार मेढी, वर फळ्या नाहीतर बाजलं. पाखरं सकाळी आणि दिवस कलताना तुटून पडतात. दुपारी तीही सावलीला बसतात. त्यामुळं सकाळची राखण करून शाळेला जायचं, दुपारी आजी बसायची आणि शाळा सुटली की पुन्हा आम्ही. चिमण्या, राघू यांचं काही वाटायचं नाही. भीती भोरड्यांची. हिवाळ्यात हजारोंनी येतात, एकदम वळतात, एकदम उतरतात. एक थवा पाच मिनिटं बसला तरी त्या जागची कणसं पिशीसारखी हलकी होतात.

त्यांच्यासाठी गोफण. अंबाडीच्या वाखाची वळलेली, मधे खडा ठेवायला विणलेली पट्टी. एका टोकाचा फास बोटात, दुसरं टोक चिमटीत. डोक्याभोवती एक-दोन फेरे आणि चिमूट सोडायची. सुटणाऱ्या टोकाला वाखाचा झुबका ठेवला की फट्ट असा बार होतो. पाखरू मारायचं नसतंच. बार आणि डोक्यावरून घोंगावत जाणारा खडा, एवढ्यानं थवा उठतो. खडा थव्याच्या पुढं टाकायचा नाही, पलीकडं टाकायचा. पुढं टाकला तर ती मागं सरकून आपल्याच रानात बसतात. दगडानं कणसं मोडतात, म्हणून आम्ही पावसाळ्यानंतर चिकणमातीचे गोळे वळून उन्हात वाळवून ठेवत असू. पडला की फुटला. आपण उठवलेला थवा शेजाऱ्याच्या शाळवावर जायचा, शेजाऱ्याचं पोरगं तो परत धाडायचं. आरोळ्या द्यायच्या, शिव्याही द्यायच्या आणि दिवस बुडाल्यावर आगटीपाशी एकत्र हुरडा खायचा. गोफणीचा नेम आम्ही पत्र्याच्या डब्यावर धरायचो. चिंचाही पाडायचो. त्यात काम किती आणि खेळ किती हे कुणी विचारलं नाही.

विहिरीत पोहणं, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून शिकणं आणि मुटके मारून काठावरच्या म्हाताऱ्यांना भिजवणं, यावर सगळ्यांनीच लिहिलं आहे. मी सोडतो.

हे सगळं गोड वाटतंय खरं, पण ते आमच्या स्वतःच्या रानात होतं आणि आम्हाला शाळा होती. आनंद यादवांची ‘झोंबी’ वाचली की शेतातल्या पोराची दुसरी बाजू दिसते. कामाच्या ओढीत शाळेसाठी घरातल्यांशीच झुंजावं लागणारं ते पोरगं आहे. आणि पुस्तकात जायचीही गरज नाही. दिवाळीनंतर आमच्या उसात टोळ्या यायच्या, बहुतेक बीडकडच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली. त्यांची आमच्या वयाची पोरं पहाटे थंडीत उठून मोळ्या बांधत, वाहत, गाडी भरत. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, काही पोरं गेलीही. पण बाकीच्यांच्या दिवसात मधला वेळच नव्हता. ऊस कापला की लगेच बांधायचा, बांधला की लगेच वाहायचा. आम्ही बांधावर हावळा खात बसलेलो असायचो आणि ती समोरून डोक्यावर मोळी घेऊन जायची. आई एखाद्याला हाक मारून ओंजळभर घाटे द्यायची. तो चालता चालताच खायचा, कारण मागून दुसरी मोळी येत असायची.

आता आमच्या उसाला ठिबक आहे. मोटर मोबाईलवरून सुरू होते. पुतण्या दहावीत आहे. त्याची कामं म्हणजे फिल्टर धुणं, खताची टाकी भरणं आणि उंदरांनी कुरतडलेली नळी कुठं उडतेय ते शोधून जोड घालणं. शाळवाच्या पट्टीत आता द्राक्षबाग आहे, त्यामुळं गोफण माडीवर खुंटीला. रात्री कुणाला रानात जावं लागत नाही, हे फार चांगलं झालं. ठिबकनं पाणी वाचतं यात वादच नाही. तरी वैरणीच्या कडवळाला आम्ही अजून पाटानंच पाणी देतो, आणि रविवारी पुतण्याला मी तिथं नेतो. त्याची नाराजी असते. पण खोरं घेतलं की त्याचं वय बदलतं.

परवाच गेलो होतो. पाटाला पाणी लागलं होतं.

“काका, चार सऱ्या फोडू?”

“तीन.”

“चारला पुरतंय. बघा की केवढं येतंय.”

“तीन म्हटलं की.”

त्यानं चार फोडल्या. मोबाईल खिशात घातला आणि खेकडे बघायला पाटाकडेनं गेला. मी बांधावर बसलो, काही बोललो नाही. पाऊण तासानं चौथी सरी निम्म्यावरच होती आणि तिसरीतही शेवट कोरडा. तो येऊन बघून गेला, खोरं टेकून उभा राहिला आणि म्हणाला, “काका, मोटर जुनी झालीय. नवी घेऊया.”